रिव्हर्स लाईटला नेमका कोणता बल्ब? तीन बल्ब आणूनही न सुटलेला प्रश्न

जुळे सोलापूरहून एका ताईंचा प्रश्न आहे. गाडी जुनी, पेट्रोलवरची हॅचबॅक. रिव्हर्स टाकला की मागचा उजवा पांढरा दिवा लागतो, डावा लागत नाही. जुना बल्ब आतून काळा झाला होता म्हणून त्यांनी तो काढला आणि दुकानातून एकामागून एक तीन बल्ब आणले. पहिला होल्डरमध्ये शिरला, पण फिरेना. हात सोडला की बाहेर. दुसरा नीट बसला, लागलाही, पण उजेड पिवळा आणि मिणमिणता. तिसरा एलईडी. तो डोळ्यांत खुपतो, मात्र मागच्या भिंतीवर मधोमध एक पांढरा डाग पडतो आणि बाजूला अंधार. दुकानदाराचं म्हणणं, "तिन्ही रिव्हर्सचेच आहेत." ताई विचारतात, आता चौथा कोणता आणू?

ताई, आधी दुकानात "रिव्हर्सचा बल्ब द्या" म्हणणं सोडा. खास रिव्हर्ससाठी म्हणून वेगळा बल्ब बनत नाही. एकच बल्ब एका गाडीत इंडिकेटरला असतो, दुसरीत ब्रेकला, तिसरीत रिव्हर्सला. त्यामुळे काउंटरवरचा पोरगा हाताला लागेल तो डबा उघडतो आणि तो खोटंही बोलत नसतो. ते तिन्ही बल्ब कुठल्या ना कुठल्या गाडीत रिव्हर्सला लागत असतील. गाडीचं नाव सांगूनही भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचं मॉडेल बदललं की मागचा लॅम्प बदलतो, आणि लॅम्पबरोबर बल्बही. बल्ब मागायचा तो त्याच्या अंगावरच्या नावानं.

ते नाव जुन्या बल्बवर असतं. टाकून दिला नसेल तर धातूच्या बुडाचा कडेचा भाग उजेडात धरून फिरवा. बारीक अक्षरं कोरलेली किंवा दाबलेली सापडतील. डोळ्यांनी वाचता आली नाहीत तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करा. कंपनीचं नाव, '१२ व्ही', '२१ डब्ल्यू' किंवा थेट 'पी२१डब्ल्यू' असं काहीतरी, आणि शेजारी गोलात 'ई' व एक आकडा. हा गोलातला ई म्हणजे बल्ब युरोपीय मानकाप्रमाणे मंजूर झालेला आहे, आणि आकडा म्हणजे कोणत्या देशानं मंजुरी दिली; १ जर्मनी, ४ नेदरलँड्स. बल्ब काचेच्या बुडाचा असेल तर हीच अक्षरं काचेवर असतात. अक्षरं घासून गेली असतील किंवा बल्ब कचऱ्यात गेला असेल तरी अडत नाही, कारण उजव्या बाजूला तुमच्याकडे लागणारा बल्ब आहेच. तो काढा, वाचा, फोटो घ्या, परत बसवा. शिवाय गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मागच्या पानांवर बल्बांचा तक्ता असतो. त्यात 'बॅक-अप लाईट' किंवा 'रिव्हर्सिंग लाईट' अशी ओळ बघा. सेकंडहँड गाडी असेल तर मी पुस्तकावर जास्त विश्वास ठेवतो, कारण आधीच्या मालकानं उजवीकडेही भलताच बल्ब घातलेला असू शकतो.

आता तुमचा पहिला बल्ब. शिरला पण फिरला नाही, म्हणजे पिनांचा घोळ. धातूच्या बुडाला दोन बाजूंना दोन बारीक पिना असतात. दाबून फिरवलं की त्या होल्डरच्या खाचेत अडकतात. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत लागतो तो पी२१डब्ल्यू. त्याच्या पिना बरोबर समोरासमोर आणि एकाच उंचीवर असतात, आणि खाली शिशाचा एकच ठिपका असतो. दुकानात याला 'सिंगल कॉन्टॅक्ट' म्हणतात, काही जण अमेरिकन नंबरानं 'अकरा छप्पन' म्हणतात. तुम्हाला मिळालेला बहुधा 'डबल कॉन्टॅक्ट' असावा, म्हणजे पी२१/५डब्ल्यू. तो ब्रेक आणि पार्किंग असा दुहेरी कामाचा बल्ब. आत उजेड देणाऱ्या दोन तारा, खाली दोन ठिपके आणि पिना वर-खाली. एकेरी होल्डरमध्ये तो शिरतो, पण एक पिन खाचेशी येते तेव्हा दुसरी येत नाही, म्हणून फिरत नाही. बल्ब उलटा करून ठिपके मोजा, लगेच कळेल.

याच कुटुंबातला तिसरा भाऊ नारिंगी काचेचा पीवाय२१डब्ल्यू, इंडिकेटरचा. त्याच्या पिना एका उंचीवर असतात पण समोरासमोर नसतात. दोन्हींमधला कोन १८० ऐवजी १५० अंशांचा. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे नारिंगी बल्ब चुकून पांढऱ्या दिव्यात जाऊ नये. तरी पिन कानशीनं घासून किंवा पक्कडीनं चेपून बल्ब 'बसवून देणारे' आपल्याकडे आहेत. तसा बल्ब होल्डरमध्ये हलत राहतो, ठिपक्याशी ठिणग्या पडतात आणि होल्डर जळतो. बल्ब जोर लावल्याशिवाय फिरत नसेल तर तो तुमचा नाही. परत करा.

दुसऱ्या बल्बाकडे जास्त लक्ष द्या, कारण फसवणारा तोच असतो. न बसणारा बल्ब निदान स्वतःच सांगतो की मी चुकीचा आहे. हा बसतो, लागतो, माणूस लॅम्प बंद करून निघून जातो आणि रात्री गल्लीतून गाडी मागं घेताना कळतं की मागं काही दिसतच नाही. याची दोन कारणं असू शकतात, आणि दोन्ही बुडावर वाचता येतात.

पहिलं कारण वॅट. पी२१डब्ल्यू जितक्या मापाच्या बुडावर येतो, अगदी तेवढ्याच बुडावर ५ वॅटचा आर५डब्ल्यू आणि १० वॅटचा आर१०डब्ल्यूही येतो. पिना तशाच, ठिपका एकच, होल्डर तिघांनाही घेतो. फरक काचेच्या गोळ्यात. २१ वॅटचा गोळा मोठा, ५ आणि १० वॅटचा लहान. शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. उजेडातला फरक मात्र वॅटच्या आकड्यावरून वाटतो त्याहून बराच मोठा आहे. मानकाप्रमाणे पी२१डब्ल्यूचा उजेड ४६० ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप), आर१०डब्ल्यूचा १२५ आणि आर५डब्ल्यूचा फक्त ५०. म्हणजे २१ चे १० वॅट झाले की उजेड जवळपास पाव होतो.

दुसरं कारण आपल्या सोलापुरात विशेष भेटतं. पुणे-हैदराबाद आणि विजयपूरकडचा हायवे इथूनच जातो, त्यामुळे स्पेअर पार्टच्या दुकानात निम्मा माल ट्रकचा असतो. मोठ्या ट्रकला आणि बसला २४ व्होल्ट लागतात. २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब आणि १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब डोळ्यांना एकसारखेच दिसतात. तेच बूड, तोच गोळा, पॅकेटही सारखंच. एकाच डब्यात मिसळले की दुकानदारालाही ओळखू येत नाहीत. २४ चा बल्ब कारमध्ये लावला तर त्याला निम्माच दाब मिळतो, पण उजेड निम्मा होत नाही, साधारण दहावा हिस्सा राहतो. तार लालसर पिवळी दिसते. तुम्ही "पिवळा आणि मिणमिणता" लिहिलंय, त्यावरून माझा पहिला संशय यावरच आहे. १० वॅटचा असता तर उजेड कमी दिसला असता, पण इतका पिवळा नाही. बुडावर '२४ व्ही' आहे का बघा. फिलिप्सचं पॅकेट असेल तर आणखी सोपं. त्यांचा १२ व्होल्टचा पी२१डब्ल्यू म्हणजे १२४९८ आणि २४ व्होल्टचा १३४९८. ओस्रामचे नंबर ७५०६ आणि ७५११. पहिला कारचा, दुसरा ट्रकचा.

उलट दिशेची चूक करणारेही आहेत. "उजेड वाढवून द्या" म्हणून २१ च्या जागी जास्त वॅटचा हॅलोजन घालतात. मागच्या लॅम्पचा रिफ्लेक्टर आणि काच दोन्ही प्लास्टिकची. पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकून दोन मिनिटं गप्पा मारत थांबलं की आतून फुगवटा येतो. मग शंभराच्या आतल्या बल्बासाठी अख्खा लॅम्प बदला.

तुमची गाडी धातूच्या बुडाची आहे असं वर्णनावरून दिसतं. पण वाचणाऱ्या इतरांपैकी अनेकांच्या गाडीत काचेच्याच बुडाचा, सरळ ओढून काढायचा बल्ब असेल. दुकानात याला 'कॅपलेस' म्हणतात. तिथंही हाच सापळा आहे. रिव्हर्सला सहसा डब्ल्यू१६डब्ल्यू असतो, १६ वॅट, अमेरिकन नंबर ९२१, दुकानाच्या भाषेत 'टी-फिफ्टीन'. पार्किंगला आणि नंबर प्लेटला लागणारा ५ वॅटचा डब्ल्यू५डब्ल्यू, म्हणजे 'टी-टेन', त्याचं काचेचं बूड अगदी त्याच मापाचं. होल्डर दोन्ही घेतो. उजेड ३१० ल्यूमेनच्या जागी ५०. मोठ्या बुडाचा डब्ल्यू२१डब्ल्यू, 'टी-ट्वेंटी', मात्र वेगळाच. तो या होल्डरमध्ये जात नाही. कॅपलेस घेताना काचेवरचं वॅट वाचूनच पैसे द्या.

काउंटरवर नेमकं काय म्हणायचं? जुना बल्ब हातात ठेवा आणि म्हणा, "पी२१डब्ल्यू, बारा व्होल्ट, एकवीस वॅट, सिंगल कॉन्टॅक्ट, पांढरी काच." मग मिळालेल्या बल्बच्या बुडावर ते स्वतः वाचा आणि तिथंच दुकानाच्या बॅटरीवर पेटवून बघायला सांगा. शंभर रुपयांच्या आत चांगल्या कंपनीचा येतो. बिननावाचा दहा-वीस रुपयांनी स्वस्त मिळेल, पण त्याचा ठिपका कधी तिरका असतो, कधी गोळा बुडात डुगडुगतो.

आता एलईडी. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तोच हवा असतो आणि मी शक्यतो नको म्हणतो. कारण तुमच्या भिंतीवर दिसलंय. साध्या बल्बची तार एका ठराविक जागी असते आणि सगळीकडे उजेड टाकते. तो उजेड मागच्या वाटीसारख्या रिफ्लेक्टरवर पडतो आणि तिथून पसरून बाहेर येतो. लॅम्पचा सगळा आकार त्या तारेची जागा धरून केलेला असतो. स्वस्तातल्या एलईडीत चिप फक्त टोकाला असतात. त्यांचा उजेड सरळ काचेतून बाहेर जातो, रिफ्लेक्टरला लागतच नाही. म्हणून मधे लखलखाट आणि कडेला काही नाही. मागच्या माणसाच्या डोळ्यांत मात्र बरोबर जातो. पाकिटावर हजारो ल्यूमेन छापलेले असले तरी या गणितात त्यांचा उपयोग नाही.

हौसच असेल तर चारी बाजूंनी चिप असलेला, लांबीला जुन्या बल्बएवढाच असलेला घ्या, आणि भिंतीपासून तीन-चार पावलांवर गाडी उभी करून जुन्या बल्बशी ताडून बघा. पाकिटावरच्या ई खुणेवरही जाऊ नका. एलईडीवर ती बऱ्याचदा फक्त रेडिओला अडथळा करत नाही एवढ्यासाठी असते, उजेडासाठी नव्हे. शिवाय बऱ्याच नव्या युरोपीय गाड्या प्रत्येक बल्ब किती करंट घेतो ते तपासतात. एलईडी फार कमी घेतो, म्हणून डॅशबोर्डवर 'बल्ब गेला' असा इशारा येतो. तो घालवायला काही जण वायरीत ६ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर टाकतात. तो २४ वॅटहून जास्त उष्णता सोडतो, साध्या बल्बएवढीच, आणि लोंबकळत प्लास्टिकला टेकला की भोक पाडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीची डिकी आधीच तापलेली असते, हे वेगळं सांगायला नको. टाकायचाच असेल तर पत्र्याला घट्ट आवळून टाका. मला विचाराल तर रिव्हर्सचा दिवा दिवसातून दोन-चार मिनिटं लागतो. एलईडीनं वीज किती वाचणार?

म्हणजे चौथा बल्ब बहुतेक करून १२ व्होल्टचा पी२१डब्ल्यू. पण तो आणायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. उजवीकडचा लागणारा बल्ब काढून डावीकडे घाला. चाकांपुढं-मागं दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा, रिव्हर्स टाका आणि कुणाला तरी मागं उभं करून विचारा. डावीकडे पूर्ण उजेड आला तर प्रश्न बल्बचाच होता, जाऊन बल्ब घ्या. तोच बल्ब डावीकडे मंद झाला किंवा लागलाच नाही, तर तुमचा दुसरा बल्ब कदाचित निर्दोष असेल आणि दोष होल्डरमध्ये किंवा वायरीत आहे. अशा वेळी बल्ब बदलत बसणं म्हणजे नळाला पाणी आलेलं नसताना घागरी बदलण्यासारखं आहे.

गिऱ्हाईक येतं, म्हणतं, "नवा बल्ब घातलोय, तरी लागंना की ओ." होल्डर बाहेर काढला की निम्म्या वेळा उत्तर तिथंच असतं. आतली मधली पितळी पट्टी बल्बच्या ठिपक्याला खालून रेटून धरते. जुनी झाली की तिचा ताण जातो, ती खाली बसते आणि ठिपक्याला जेमतेम टेकते. टेकते तिथं काळा डाग पडतो, त्याभोवती हिरवट पूड जमते. होल्डरचं पांढरं प्लास्टिक त्या बाजूला तपकिरी झालेलं असतं. चावी बंद करून ती पट्टी बारीक स्क्रूड्रायव्हरनं किंचित वर उचला, बारीक पॉलिश पेपरनं पट्टी आणि खाच साफ करा, फुंकर मारा, मग बल्ब घाला. प्लास्टिक वितळून पिनेची खाच सैल झाली असेल तर मात्र होल्डरच बदला. तिथं चिकटपट्टी किंवा एम-सील लावू नका.

होल्डर स्वच्छ असूनही मंद असेल तर अर्थ बघा, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यात परत नेणारी जोडणी. याची एक खूण सांगतो जी मीटरशिवाय दिसते. पार्किंग बंद ठेवून रिव्हर्स टाका. डावा रिव्हर्स मंद लागला आणि त्याच लॅम्पमधला पार्किंगचा किंवा इंडिकेटरचा बल्ब अगदी अंधूक पेटलेला दिसला, तर त्या लॅम्पची अर्थची वायर सुटली किंवा गंजली आहे. करंटला परत जायला रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. लॅम्पमागून येणारी, बहुतेक गाड्यांत काळी किंवा तपकिरी वायर कुठं पत्र्याला आवळली आहे ते शोधा. स्क्रू काढून पत्रा घासा आणि परत आवळा. मीटर असेल तर बल्ब लागलेला असताना मोजा. नुसत्या मोकळ्या होल्डरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर चांगली असं होत नाही, कारण वायरीतली एक बारीक तार कशीबशी जोडलेली असली तरी मीटर १२ दाखवतं. बल्ब लागल्यावर त्यातून पावणेदोन ॲम्पियर जायला लागतात तेव्हा खरं रूप कळतं. बॅटरीवर १२.५ आणि होल्डरवर १० असेल, तर मधले अडीच व्होल्ट कुठंतरी वाटेत अडकलेत.

रिव्हर्सचा दिवा डिकीच्या दारावर असलेल्या गाड्यांत आणखी एक ठिकाण ठरलेलं आहे. दाराच्या बिजागरीपाशी वायरींवर रबराची घडीची नळी असते. दार उघडताना-मिटताना तिथंच वायरी वाकतात आणि काही वर्षांनी आतून तुटतात. वरचं आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. रिव्हर्स टाकून, मदतीला माणूस घेऊन दार हळूहळू वर-खाली करा. मधेच दिवा लुकलुकला तर नळी मागं सारा, एकेक वायर बोटांनी ओढून बघा. तुटलेली रबरासारखी ताणली जाते. तिथं नुसता पीळ मारून टेप गुंडाळला तर महिन्याभरात परत तेच. मऊ वायरीचा तुकडा घालून सोल्डरचा डाग द्यायचा आणि नळीत ढील ठेवायची.

तुमचा उजवा दिवा लागतो, त्यामुळे फ्यूज आणि रिव्हर्स स्विच निर्दोष ठरले. पण ज्यांचे दोन्ही बाजूचे एकदम गेलेत त्यांनी बल्बच्या दुकानात जाऊच नये. दोन्ही बल्ब सहसा एकाच दिवशी जात नाहीत. आधी फ्यूज, मग गिअरबॉक्सवर बसवलेला रिव्हर्स स्विच. साध्या हाताच्या गिअरच्या जुन्या गाडीत त्याला दोन वायरी असतात. सॉकेट काढून त्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावला आणि मागचे दिवे लागले, तर स्विच गेला. ऑटोमॅटिक गाडीत हा खेळ करू नका.

बल्ब काढताना लॅम्पमागचं डिकीतलं झाकण उघडतं का ते आधी बघा. बऱ्याच गाड्यांत अख्खा लॅम्प दोन स्क्रू काढून सरळ मागं ओढावा लागतो, आणि ओढताना तिरका केला की प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात. होल्डर डावीकडे पाव वळसा फिरवला की सुटतो. बल्ब दाबून मगच फिरवायचा. गंजून अडकला असेल तर फडक्यात धरा. काच हातात फुटलेली मी पुष्कळ पाहिली आहे. बसवताना लॅम्पमागची रबरी कड जागेवर बसली पाहिजे, नाहीतर गाडी धुताना पाणी आत जातं आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होल्डरमध्ये साचतो.

जुना बल्ब काळा झाला होता म्हणालात, ते वयाचं लक्षण आहे. तारेतला टंगस्टन उडून काचेला बसतो. आतून पांढरा धूर बसल्यासारखा दिसला असता तर काचेला तडा जाऊन हवा शिरली होती असं म्हटलं असतं. रिव्हर्सचा बल्ब इतका कमी वापरला जातो की तो वर्षानुवर्षं टिकायला हवा. नवा बल्ब काही महिन्यांत परत गेला, आणि इतरही बल्ब जात असतील, तर इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्टेज मोजून घ्या. साधारण १३.८ ते १४.५ असावं. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघावा लागेल. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

काही जण विचारतात, एकच दिवा लागतो तर पोलीस अडवतील का? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे गाडीच्या मागं लाल सोडून दुसरा रंग दाखवता येत नाही. रिव्हर्सचा पांढरा दिवा आणि नंबर प्लेटचा उजेड हे त्यातले अपवाद. म्हणून निळसर किंवा रंगीत एलईडी रिव्हर्सला घालू नका. काही गाड्यांना कंपनीनंच एका बाजूला रिव्हर्स आणि दुसऱ्या बाजूला लाल फॉग दिलेला असतो. आपल्याकडे तो फॉग उजवीकडे येतो. अशा गाडीच्या उजव्या बाजूला पांढरा दिवा शोधत बसू नये. तुमच्या गाडीला मात्र दोन्हीकडे पांढरी काच आहे, तेव्हा दोन्ही लागायला हवेत. १ जुलै २०१९ नंतरच्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, पण सेन्सर वाजतो तो तुमच्यासाठी. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत होम मैदानाजवळ गाडी मागं घेताना मागून चालणाऱ्याला दिसतो तो हाच दिवा.

अजून एक. तुमच्या गाडीला नंतर बाहेरून रिव्हर्स कॅमेरा किंवा सेन्सर बसवला आहे का? बसवणारे त्याचा करंट रिव्हर्सच्याच दिव्याच्या वायरीतून घेतात, बहुतेक वेळा जी बाजू हाताला सोपी त्या बाजूनं. वायरीचं आवरण सोलून, तार गुंडाळून, वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, जोड सैल होतो आणि त्याच बाजूचा दिवा मंद होतो. डावीकडच्या होल्डरमागं असा टेपचा गोळा दिसला, तर उजवा बल्ब डावीकडे घालून बघण्याच्याही आधी तो सोडा आणि आतली तार हिरवी झाली आहे का ते बघा.